खळबळची गायिका

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सकाळी आठ वाजता कुणी कुणाचं ऐकत नाही. लिलावाचा आरडाओरडा, ट्रॉलरच्या इंजिनांची धडधड, बर्फ फोडणाऱ्या यंत्राचा खडखडाट – सगळं एकाच वेळी चालू असतं. १९९८ च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी मनाली जाधव त्या गर्दीतून पिशवीभर बांगडे सांभाळत वाट काढत होती... आणि तिच्या वाटेत एक माणूस उकिडवा बसला होता.

कानांवर मोठे हेडफोन, गळ्यात टेपरेकॉर्डर, हातात काठीला बांधलेला माइक. तो माइक बर्फाच्या यंत्राच्या तोंडाशी धरून हा गृहस्थ डोळे मिटून बसला होता. जसं काही समोर मैफल चालली आहे!

वरून फळीवरून बर्फाची एक अख्खी लादी घसरत येत होती. हमाल ओरडत होता, "ए, बाजूला हो रे! ए भाऊ!"

भाऊला काही ऐकू येत नव्हतं.

"ओ! हेडफोनवाले!" मनाली अशी काही ओरडली की लिलावसुद्धा क्षणभर थांबला. तेवढ्यावर न थांबता तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि मागे खेचलं. लादी त्याच्या बुटाला घासून पुढे गेली आणि धडाम्‌कन खाली फुटली.

तो तिथेच, चिखलात बसला होता. एक हेडफोन कानावर, एक गळ्यात. त्याने आधी बर्फाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि मग अगदी हळू, जपून, टेपरेकॉर्डरचं बटण बंद केलं.

"तुम्ही माझा जीव वाचवलात," तो म्हणाला.

"मी माझे बांगडे वाचवले. तुम्ही त्यांच्यावर पडणार होता."

तो हसला. हसताना त्याचा एक दात जरा पुढे यायचा. हे लक्षात आलं म्हणून मनालीला स्वतःचाच राग आला.

"एक विचारू? तुम्ही गाता का?"

"का?"

"जी मुलगी गाते तिलाच असं ओरडता येतं. पोटातून."

"ओरडायला गाणं लागत नाही. समोर बहिरा माणूस लागतो," असं म्हणून ती निघाली. दहा पावलांवर गेल्यावर मात्र वळून पाहायचा मोह झाला... आणि तो अजून तिथेच बसून तिच्याकडे बघत होता.

पंधरा दिवसांनी तोच माणूस तिच्या घरच्या ओटीवर चहा पीत बसलेला दिसला. तिचा थोरला भाऊ अमरदीप बंदरखात्यात कारकून होता. पगार मिळायचा कारकुनीचा, पण जीव रमायचा एकांकिकांत. एका स्पर्धेत त्याची ह्याच्याशी ओळख झाली होती. "हा गंधार लिमये," अमरदीप म्हणाला. "पूर्णगडचा. घरची कलमं आहेत, पण हा आंब्यापेक्षा आवाज गोळा करत हिंडतो."

"आम्ही भेटलोय," गंधार म्हणाला. "अमर, तुला एक ऐकवू?" आणि त्याने टेप लावली. खडखडाट, धडधड, हमालाची हाक... आणि मग तिचं ते – "ओ! हेडफोनवाले!" घरभर घुमलं. आतून आई नंदाबाई पदर सावरत बाहेर आली. "ह्यो तर आमच्या मनीचा आवाज!"

सगळे हसले. मनालीही हसली, गाल तापले तरी हसली. आपला आवाज कुणीतरी पंधरा दिवस जपून ठेवला होता, ह्याचंच तिला तेव्हा अप्रूप वाटलं. न विचारता घेतला होता, हे तिच्या मनातही आलं नाही.

वडील दत्ताराम गुरुजी एके काळी गावोगावच्या गायनपार्टीत भीमगीतं गायचे. त्यांचा खडा आवाज मनालीला जसाच्या तसा मिळाला होता. तो आवाज गंधारला हवा होता. त्याच्या डोक्यात एक बँड होता – पण नेहमीचा नव्हे. लग्नाच्या वरातीतला नाही आणि गिटार घेऊन उड्या मारणाराही नाही. बंदरातले आवाज टेपवर, त्यावर वाद्यं, त्यावर शब्दांशिवायचं गाणं, आणि मध्ये एक माणूस काहीतरी करत असेल. काय करत असेल? ते त्या त्या दिवशी ठरेल.

"ह्याला म्हणायचं काय?" गुरुजींनी विचारलं.

"खळबळ," गंधार म्हणाला.

"ते कळलं. पण म्हणायचं काय?"

"बँडचंच नाव, गुरुजी."

गुरुजींनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "अमर बरोबर असेल तर मनीने जावं. रविवारी. कॉलेजचा अभ्यास सांभाळून."

अशी खळबळ सुरू झाली. चौघेजण. गंधार टेप आणि गिटार. मनाली गळा. पत्र्याचे डबे, नारळाच्या करवंट्या आणि उलटी घमेली वाजवणारा सलिल, जो एरवी मांडवीला रेडिओ दुरुस्त करायचा. आणि अमरदीप, जो अंगाला जांभ्या दगडाची लाल भुकटी फासून तासभर पुतळ्यासारखा उभा राहायचा.

तालीम व्हायची पूर्णगडला, लिमयांच्या कलमांतल्या शेडमध्ये. हंगामात तिथे आंब्याच्या पेट्या भरायच्या, एरवी शेड रिकामी. जमिनीवर पेंढा, पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या, आणि खाली खाडीच्या तोंडाशी फुटणाऱ्या लाटा. गंधार म्हणायचा, "मनाली, सा लावू नकोस. लाट परत जाताना वाळूतून जो आवाज येतो ना, तो लाव."

"तो सूर कुठल्या पट्टीत येतो?"

"माझ्या आवडत्या."

"म्हणजे रोज बदलणारी!" ती म्हणायची. आणि तरी डोळे मिटून, लाट ऐकून, तो आवाज शोधायची. सापडला की गंधारचे हात गिटारवर थांबायचे. तो नुसता बघत राहायचा. मग सलिल घमेल्यावर काठी आपटून म्हणायचा, "लिमये, तू वाजवणार आहेस की आम्ही घरी जाऊ?"

पहिला प्रयोग मांडवीच्या किनाऱ्यावर झाला. जानेवारीतली संध्याकाळ, साठएक माणसं, त्यातली निम्मी भेळेसाठी आलेली. मध्यभागी लाल झालेला अमरदीप, भोवती मासेमारीचं जुनं जाळं. टेपवर मिरकरवाड्याचा लिलाव, सलिलचे डबे, आणि मनाली गात गात ते जाळं अमरदीपभोवती गुंडाळत जात होती. सगळं ऐन रंगात आलं असताना एक म्हातारी पुढे आली, अमरदीपच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला आणि मनालीला म्हणाली, "काय झालंय गो ह्याला? गाणी कसली म्हणतेस? डॉक्टरला दाखव."

मनालीचा सूर हसण्यात फुटला. अमरदीपचं पोट हसण्याने हललं, पण चेहरा हलला नाही. आणि गंमत म्हणजे ते हसू इतकं जमून गेलं की पुढच्या प्रत्येक प्रयोगात गंधारने तिला तिथे हसायला लावलं.

"तसं ठरवून हसता येत नाही मला," ती कुरकुरायची.

"माझ्याकडे बघ. येईल."

आणि यायचं.

ती त्याला वर्षभर 'तुम्ही' म्हणत राहिली. एकदा पूर्णगडहून परतताना पावस गावाच्या पुढे एस.टी. बंद पडली. अमरदीप आणि सलिल ड्रायव्हरबरोबर बोनेटमध्ये डोकी घालून उभे होते. हे दोघं रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसले. समोर कातळावरचं सुकलेलं गवत वाऱ्याने एका अंगावर झुकत होतं.

"तुम्हाला भूक लागली असेल ना?" तिने विचारलं.

"कुणाला?"

"तुम्हाला."

त्याने मागे वळून पाहिलं. "माझ्याबरोबर आणखी कोण आहे?"

ती गडग्यावरून पाय हलवत राहिली.

"मनाली, एकदा म्हणून तर बघ. एस.टी. सुरू होईपर्यंतच. नाही जमलं तर परत घेईन."

तिने गवताची काडी तोडली. तिचे दोन तुकडे केले, चार केले. "तुला... भूक लागली असेल ना?"

"होती," तो म्हणाला. "आता नाही."

तेवढ्यात इंजिन गुरगुरलं. पण तो 'तू' तिने परत केला नाही आणि त्यानेही मागितला नाही.

२००० च्या ऑक्टोबरात गंधार तीन महिन्यांसाठी पुण्याला गेला, ध्वनिमुद्रण शिकायला. जाताना तिच्या हातात एक छोटा टेपरेकॉर्डर ठेवून गेला. "पत्र लिहू नकोस. बोलून पाठव. तुझं अक्षर नकोय मला, तुझा श्वास हवाय."

"आगाऊ!"

"हे टेपवर म्हण. इथे वाया जातंय."

मग कॅसेटी जाऊ-येऊ लागल्या. त्याच्या कॅसेटींत पुणं असायचं – सायकलची घंटा, खानावळीतली ताटं, आणि मध्येच त्याचं कुजबुजणं, "आत्ता इथे तू हवी होतीस." ती दुपारी बोलायची. आई शेजारी गेलेली, वडील झोपलेले. कधी कुकरची शिट्टी यायची, कधी कोंबडी. ती काहीबाही सांगायची आणि जे सांगायचं ते राहून जायचं... दर वेळी.

डिसेंबरात सुट्टीला आला तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा घरात नेलं. दोन वर्षं ती शेडपर्यंत गेली होती, घराच्या पायऱ्या चढली नव्हती. कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी या म्हटलं नव्हतं, एवढंच. गंधारच्या आईने, हेमाताईंनी, चहा केला, पोह्याचा पापड तळला, आवाजाचं कौतुक केलं. चांगल्या बोलल्या. मनाली घरी आली आणि आठवडाभर त्या अर्ध्या तासाचा विचार करत राहिली.

मग एका दुपारी तिने रेकॉर्डर सुरू केला, आणि ह्या वेळी राहून जाऊ दिलं नाही.

"गंधार... ऐकतोयस ना? घरात कुणी नाहीये. एक सांगू? तुझ्या घरी आले तेव्हा तुझी आई माझ्याशी बोलत होती आणि मी... मी कपाकडे बघत होते. सगळ्यांचे कप एकसारखे आहेत का, ते बघत होते. एकसारखे होते. मला इतकं बरं वाटलं... आणि मग इतकी लाज वाटली, की मला हे बघावं लागतं. माझी आजी करवंटीतून पाणी प्यायची रे, लोकांच्या अंगणात. हे मी कुणालाच बोललेले नाही. दादाला पण नाही. तुला का सांगतेय? कारण... हं... ते तुला माहितीये. माहितीये ना? मला तू हवा आहेस. कायमचा. झालं. बंद करते."

त्या कॅसेटला कॅसेटने उत्तर आलं नाही. तो स्वतः आला, पुण्याहून रातराणी एस.टी.ने निघून सकाळी तिच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला. काही न बोलता त्याने फक्त मान हलवली – हो. ती पुस्तकं छातीशी धरून उभी होती.  पहिल्या तासाची घंटा झाली तरी तिला कळलं नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये पुण्यात प्रायोगिक नाटकांचा महोत्सव होता. खळबळला बोलावणं आलं. दुपारी चारचा प्रयोग, चारशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. रत्नागिरीच्या भेळवाल्यांपुढे दोन वर्षं घासून आलेला बँड. त्या दिवशी प्रत्येक ठोका जागेवर पडत होता.

आत जाण्यापूर्वी गंधारने तिला विंगेत गाठलं. त्याचे डोळे चमकत होते. "शेवटची पाच मिनिटं तुला गायचं नाहीये. नुसती उभी राहा. टेपवर काहीतरी आहे. तुला सांगत नाही, पण... तुझ्यासाठी आहे."

ती तासभर त्या पाच मिनिटांची वाट बघत गायली. इतकं चांगलं ती पुन्हा कधी गायली नाही.

दिवे मंद झाले. टेप फिरली. आणि अंधाऱ्या सभागृहात, चारही कोपऱ्यांतून, तिचाच श्वास ऐकू आला.

"ऐकतोयस ना? घरात कुणी नाहीये..."

तिला आधी कळलंच नाही. मग कुकरची शिट्टी वाजली. मग – "मी कपाकडे बघत होते." सलिलने करवंटीवर हलकेच ठेका धरला. "कपाकडे... कपाकडे बघत होते... कपाकडे..." तेच वाक्य गोल गोल फिरू लागलं. "करवंटीतून पाणी... करवंटीतून..." कुणीतरी पुढच्या रांगेत सुस्कारा टाकला. आणि मग, सगळं थांबवून, अगदी एकटं – "मला तू हवा आहेस. कायमचा."

मनाली मंचाच्या पायऱ्या उतरली. अनवाणी, मधल्या वाटेने, चारशे माणसांच्या मधून चालत गेली. ती दाराशी पोहोचली तेव्हा मागे धप्पकन आवाज झाला. तासभर न हलणारा अमरदीप गुडघ्यांवर बसला होता.

 मग टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना तो प्रयोगाचा शेवट वाटला होता.

बाहेर लख्ख ऊन होतं. गंधार धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर अजून टाळ्या होत्या.

"मनाली! अगं ऐकलंस का? उभे राहिले सगळे!"

"ते मी तुला सांगितलं होतं."

"हो, आणि ते इतकं खरं होतं, इतकं सुंदर, की मला वाटलं सगळ्यांनी..."

"तुला सांगितलं होतं, गंधार."

आता त्याचा चेहरा उतरू लागला. "मी माझं नाव काढलं होतं त्यातून. तुझं तर नव्हतंच कुठे. कुणाला कळणार..."

"तासभर गात होते मी. माझा आवाज कुणाला कळणार नाही?" तिचा तोच आवाज आता अगदी खाली गेला होता. "दादा उभा होता तिथे. दादाला हलायची परवानगी नव्हती आणि तू त्याला हे ऐकवलंस."

"चुकलं... मनाली, मला खरंच वाटलं..."

"काय वाटलं? मला आवडेल?"

 त्याला खरंच तसं वाटलं होतं. आणि ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, म्हणून जास्त लागलं. दुष्टपणा असता तर सोपं होतं.

दोन दिवसांनी पेपरात परीक्षण आलं. 'गायिका मंच सोडून निघून जाते तो क्षण विलक्षण परिणामकारक' असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात मुंबईला ह्याच प्रयोगाचं बोलावणं असल्याचंही खाली छापलं होतं. मनालीने ते वाचलं आणि मनाशी म्हणाली, घेऊन जाईल दुसऱ्या कुणाला तरी. चालत जायला गळा कुठे लागतो?

"दादा, त्याचं नाव ह्या घरात पुन्हा नको," ती अमरदीपला म्हणाली. अमरदीपने ते इमानाने पाळलं. इतकं, की पुढे त्याच्या कानावर जे आलं तेही त्याने तिला सांगितलं नाही.

मार्चमध्ये गंधार आला. दुपारची वेळ. मनालीने खिडकीतून त्याला फाटक उघडताना पाहिलं आणि आईला म्हणाली, "मी नाही म्हणून सांग."

"असं नको करू गो. पोरगा उन्हातनं आलाय."

"आई, सांग."

नंदाबाई ओटीवर गेली. मनाली माजघराच्या पडद्यामागे उभी होती. मधे एवढासाच पडदा, निळ्या फुलांचा.

"मनी नाय घरात," आई म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा पडला.

तो काही बोलला नाही. गेलाही नाही. मनालीला त्याचा श्वास ऐकू येत होता. ती मनात म्हणत होती, एकदा हाक मार. एकदाच. मी नाही म्हणेन, पण बाहेर येईन. एकदा हाक तर मार...

बराच वेळ गेला. मग वहाणांचा आवाज झाला, फाटकाची कडी वाजली.

त्यानंतर दोन पत्रं आली. तिने न फोडता परत पाठवली. तिसरं आलं नाही. तिसऱ्याची तिने किती वाट पाहिली, हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं जे होतं ते एकदा सांगून झालं होतं.

पुढची सात वर्षं काही वाईट गेली नाहीत. डी.एड. झालं. लांजा तालुक्यात एका लहान शाळेत ती शिक्षणसेवक म्हणून लागली, मग कायम झाली. स्थळं आली. चांगली होती. ती नाही म्हणत गेली आणि कारण विचारलं की तिला सांगता यायचं नाही. अमरदीपचं लग्न झालं, बढती झाली, त्याने रंगमंचाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. सलिल मात्र रस्त्यात भेटला की मान खाली घालायचा. 'मला माहीत नव्हतं गो, टेपवर काय आहे ते,' एवढं एकदा म्हणाला होता.

आपलं चुकलं का, हा प्रश्न मनाली स्वतःला अधूनमधून विचारायची. उत्तर दर वेळी तेच यायचं – नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं. अवघड हेच होतं. चुकलं असतं तर माफी मागून मोकळं होता आलं असतं.

२००६ मध्ये तिची बदली झाली. पूर्णगडच्या मराठी शाळेत.

पहिलं वर्षभर ती लिमयांच्या कलमांकडचा रस्ता टाळून लांबून यायची. मग एक दिवस पाय तिथूनच आले आणि काही झालं नाही. शेडला कुलूप होतं.

२००८ च्या जानेवारीत, मधल्या सुट्टीत, शाळेच्या पायरीशी एक मोटारसायकल थांबली. मागे दोन खोकी बांधलेली. मनाली मुलांना रांगेत बसवत होती. तिने वर पाहिलं.

त्याच्या कानांजवळ केस पांढरे झाले होते. बाकी सगळं तसंच.

"आईची पुस्तकं आहेत," तो म्हणाला. "ती म्हणाली, शाळेला द्यावीत. मला... मला माहीत नव्हतं, तू इथे आहेस."

"दीड वर्ष झालं."

"आईने काही सांगितलं नाही."

"सांगायचं कशाला?" ती म्हणाली आणि मग तिलाच वाटलं, हे फार कडक झालं. "ठेव तिथे. बस. पाणी देते."

तो वर्गाबाहेरच्या बाकावर बसला. मुलांसाठीचा बाक, त्याचे गुडघे छातीशी आले. तिला हसू आलं, तिने ते दाबलं. त्याने पाहिलं.

"हस की. पूर्वी ठरवून हसायचीस."

"पूर्वी समोर हसण्यासारखा माणूस असायचा."

तिने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. मग तो सांगू लागला. गोव्याला असतो. माहितीपटांसाठी आवाज घेतो. लग्न झालंय, अवनी नावाची तीन वर्षांची मुलगी आहे. कलमं कराराने दिलीत, आईला आता तिकडे नेतोय.

"आणि तू?"

"अजून नाही. घाई काय?" ती सहज म्हणाली. सहज जमलं, असं तिला वाटलं. "खळबळचं काय झालं पुढे? मुंबईला कोण चाललं शेवटी, मंचावरून उतरून?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुला अमरने सांगितलं नाही?"

"काय?"

"मुंबईवाल्यांना तोच शेवट हवा होता. गायिका निघून जाते तो. मी नाही म्हटलं. ती टेप त्याच दिवशी पुसली होती मी, पुण्यात, तू स्टँडवर गेलीस त्यानंतर. खळबळ तिथेच संपली मनाली. एकही प्रयोग नाही केला पुन्हा. पत्रांत लिहिलं होतं सगळं."

पटांगणात कुणीतरी पडलं, रडू लागलं, आणि उठून पुन्हा पळालं. मनालीचं तिकडे लक्ष होतं आणि नव्हतं. सात वर्षं तिने मनात एक दुसरी मुलगी ठेवली होती – मुंबईच्या मंचावर, टाळ्यांतून अनवाणी चालणारी. ती मुलगी कधी नव्हतीच.

"मार्चमध्ये तू घरी आला होतास ना..." ती म्हणाली. "आई खोटं बोलली. मी घरातच होते."

"माहीत होतं."

"काय?"

"पडद्याखालून तुझी पावलं दिसत होती. डाव्या पायाच्या बोटाला चिंधी बांधलेली होती."

ती त्याच्याकडे वळली. "मग हाक का नाही मारलीस?"

त्याने बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुझा आवाज एकदा न विचारता घेतला होता मी. तू नाही म्हणून सांगितलं होतंस. म्हटलं, निदान हे 'नाही' तरी ऐकावं."

"एकदा हाक मारली असतीस तर मी आले असते बाहेर."

हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. बोलून झालं आणि आता ते दोघांच्या मध्ये त्या आखूड बाकावर होतं. त्याने हात उचलला, तिच्या हाताकडे नेला आणि मध्येच थांबवून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

"चिडू नकोस," तो म्हणाला, "पण हे तू आज सांगायला नको होतंस."

"हो. नको होतं."

घंटा झाली. मुलं धूळ उडवत वर्गात शिरली. ती उठली, साडीच्या निऱ्या झटकल्या. तोही उठला.

"अजून गातेस?"

"पहिली-दुसरीला कविता शिकवते. चालीत. आज होडीची आहे, माझीच केलेली."

"मी... इथे उभा राहून ऐकू? काही नाहीये माझ्याजवळ. रेकॉर्डर घरी आहे."

ती दारात थांबली. त्याच्याकडे पाहिलं – पांढरे केस, पुढे आलेला तो दात, विचारून उभा राहिलेला माणूस.

"ऐक," ती म्हणाली. "पण संपेपर्यंत थांबू नकोस."

तिने फळ्यावर होडी काढली, मुलांकडे तोंड केलं आणि पहिली ओळ लावली. पंचवीस मुलांनी ती बेसूर, मनापासून उचलली. दुसरी ओळ. तिसरी. ती खिडकीकडे पाहत नव्हती. चौथ्या ओळीच्या मध्यावर बाहेर मोटारसायकल सुरू झाली, वळली, आणि उतरणीला लागली.

मनालीचा सूर तसूभरही हलला नाही. राहिलेल्या दोन ओळी तिने पूर्ण म्हटल्या. मग मुलांना सांगितलं, "पुन्हा एकदा. सुरुवातीपासून," आणि ह्या वेळी ती गप्प उभी राहिली, त्यांना म्हणू दिलं.